आकाश पाहणारा काता

दोन्ही तळहात सावकाश कपाळाच्या वर जातात. बोटांमधल्या त्रिकोणातून खेळाडू आकाश पाहतो, आणि हात झटकन दोन बाजूंना फाकतात. कराटेतला ‘कान्कू दाई’ हा ६५ हालचालींचा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायचा सराव, असा सुरू होतो.

मूळ जपानच्या ओकिनावा बेटावरचा. कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२२मध्ये टोकियोच्या कोडोकान या ज्युदो संस्थेत तो करून दाखवला.

देखणा तर आहेच, पण त्याची खरी मजा जोडीदारासमोर उलगडते. वर गेलेले तेच हात गळ्यावरची पकड फोडतात. उत्तरार्धात खेळाडू हात टेकून एकदम जमिनीलगत बसतो, तेव्हा डोक्यावरून काठी फिरतेय असं समजायचं. अशा हालचाली पुन्हापुन्हा करायच्या; कोल्हापूरच्या मर्दानी खेळातले पवित्रेही असेच घोटून अंगात मुरवतात.

याच घराण्यातल्या ‘चातानयारा कुशान्कू’ या कात्यावर स्पेनच्या सान्द्रा सांचेझने ऑगस्ट २०२१मध्ये टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.