आपोआप उगवलेल्या रोपाची ओळख

पावसाळा सरला कीं भिवंडीसारख्या गांवीं परसांत किंवा कुंपणाच्या कडेस एखादें अनोळखी रोप डोकें वर काढतें. तें कोणीं पेरलेलें नसतें. भरावाची माती, शेणखत, कामवारी नदीच्या पुराचें पाणी, यांबरोबर त्याचें बीं येऊन पडतें. पुढें त्याला फिकट पिवळें, रेशमासारखें फूल येतें, आणि घरांतील मंडळींस प्रश्न पडतो: रोप ठेवावें कीं उपटावें?

उत्तर ओळखीवर अवलंबून आहे, आणि ओळख केवळ फुलाच्या रंगावरून करूं नये. पिवळें फूल तिळवणीलाही येतें. पण तिळवणीचें पान तीन किंवा पांच दलांचें, अंगावर चिकट लव आणि शेंग बारीक, लांब असते.

म्हणून रोपाकडे क्रमानें पाहावें. पान देठाशिवाय खोडाला बिलगलेलें आहे काय? त्याच्या कडा कांटेरी आणि शिरांवर पांढुरके पट्टे आहेत काय? खोड मोडल्यावर पिवळा चीक निघतो काय? पाकळ्या पातळ, चुरगळल्यासारख्या, बहुधा सहा असाव्यात. फळ लांबट व कांटेरी असावें. पिकल्यावर तें टोंकाशीं उकलतें आणि आंत मोहरीएवढे काळे दाणे दिसतात. हीं सारीं लक्षणें एकत्र मिळालीं म्हणजे तो पिवळा धोत्रा, असें निःशंक समजावें.

येथें नांव मात्र फसवें आहे. खरा धोत्रा वांगें-बटाटा यांच्या कुळांतला. त्याचें फूल कर्ण्यासारखें, आणि त्याला रंगीत चीक नसतो. पिवळा धोत्रा खसखशीच्या कुळांतला. दोघांचीं फळें कांटेरी, एवढेंच साम्य. हा मूळचा मेक्सिकोकडील पाहुणा असून, लिनिअसनें १७५३ सालीं नोंदलेल्या त्याच्या शास्त्रीय नांवांतही त्या देशाचा उल्लेख आहे.

ही चिकित्सा केवळ पुस्तकी नव्हे. या दाण्यांच्या तेलांत विषारी द्रव्य असतें. तें मोहरीच्या तेलांत मिसळून पोटांत गेलें तर पाय सुजतात, धाप लागते, हृदय दुर्बळ होतें. १९९८ सालीं दिल्लींत अशाच भेसळीनें ६० हून अधिक माणसें दगावलीं. दाणा दिसावयास मोहरीसारखा, हेंच या अनर्थाचें मूळ. बारकाईनें पाहिल्यास मात्र मोहरीचा दाणा गुळगुळीत आणि याचा जाळीदार, खडबडीत दिसतो.

तेव्हां हें रोप ओळखतांच, फळ धरण्यापूर्वीं, हाताला जाड फडकें गुंडाळून मुळासकट काढावें. चीक डोळ्यांस लागूं देऊं नये. फळ पिकलें असल्यास तें झटकूं नये; एका रोपाचे शेंकडों दाणे मातींत पडतात.

आणि लक्षणें जुळलींच नाहींत तर? तर रोप फेंकूं नये. फूल, पान, फळ यांसह एक फांदी वर्तमानपत्राच्या घडींत दाबून वाळवावी. सोबत स्थळ, तारीख आणि ताज्या फुलाचा रंग लिहून ठेवावा, कारण रंग पुढें उडतो. असा नमुना महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांतील, १९०६ सालीं स्थापन झालेला ब्लॅटर हर्बेरियम हा संग्रह अशाच वाळविलेल्या नमुन्यांचा आहे. नव्या नमुन्याची ओळख पटवितांना त्याची जुन्या नमुन्यांशीं तुलना करतात.