वसई-विरार : किनारपट्टीवरील वाढते महानगर आणि पाण्याचा प्रश्न

प्रस्तावना

७४ व्या घटनादुरुस्तीत १० लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रास महानगर क्षेत्र अशी संज्ञा दिलेली आहे. या निकषावर मुंबईच्या उत्तरेस वैतरणा नदी आणि वसईची खाडी यांच्या दरम्यान वसलेले वसई-विरार हे क्षेत्र केवळ मुंबईचे उपनगर राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती. २००१ मध्ये वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिकांची एकत्रित लोकसंख्या साधारण पावणेपाच लाख होती. या दोन आकड्यांची सरळ तुलना करताना मात्र सावधगिरी बाळगावी लागते. मधल्या काळात महानगरपालिकेची हद्द आखताना आसपासची अनेक गावेही शहरात जमा झाली. तरीही वाढीचा वेग असाधारण आहे, याविषयी शंका राहत नाही. या वाढीची चर्चा बहुधा घरांच्या किमती आणि लोकलमधील गर्दी यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न पाण्याच्या अंगाने पाहिला आहे. कारण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे आणि पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहणारे शहर एकच आहे.

ऐतिहासिक व भौगोलिक पार्श्वभूमी

हा प्रदेश प्राचीन आहे. नालासोपारा म्हणजे पूर्वीचे शूर्पारक. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील सागरी प्रवासवर्णनात या बंदराचा उल्लेख येतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या शिलालेखाचे अवशेषही येथे सापडले. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि १८०२ च्या अखेरीस येथेच झालेल्या तहाने पेशवाईच्या अस्ताची सुरुवात झाली. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर इतिहासजमा झाले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने राजकीय घडामोडींपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. ज्या वाटेने एकेकाळी गलबते आत येत होती, तीच वाट आज शहराचे पावसाचे पाणी बाहेर नेणारी आहे.

भूरचनेचे तीन पट्टे स्पष्ट दिसतात. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. पश्चिमेस समुद्रालगत अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज अशा गावांचा किंचित उंच, वाळुकामय पट्टा आहे. या दोहोंच्या मध्ये खाजणे, भातशेती आणि मिठागरे यांची सखल जमीन पसरलेली होती. डोंगरावरून उतरणारे पाणी या सखल भागात पसरावे, थोपावे आणि ओहोटीच्या वेळी खाड्यांतून समुद्रास मिळावे, अशी ही रचना होती. १८६४ मध्ये याच मधल्या पट्ट्यातून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी धावली. महानगराची वाढ रुळांच्या कडेने झाली, म्हणजेच ती नेमकी सखल भूमीवर झाली.

बावखले आणि गोड्या पाण्याचा थर

पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला ही पिके पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. आगाशीची सुकेळी प्रसिद्धच आहेत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ही बागायत शक्य झाली ती बावखलांमुळे. बावखल हे विहिरीपेक्षा बरेच विस्तृत आणि तळ्यापेक्षा लहान असे वाडीतील जलसाठ्याचे साधन होय. पावसाळ्यात परिसरातील पाणी त्यात उतरते, हळूहळू जमिनीत मुरते आणि उरलेले हिवाळ्या-उन्हाळ्यात सिंपणासाठी उपयोगी पडते. पूर्वी हे पाणी रहाटाने काढले जाई. बावखल हे एकाच वेळी साठवण, पुनर्भरण आणि पूरनियंत्रण करणारे साधन आहे. आज या तीन कामांसाठी तीन स्वतंत्र योजना आखाव्या लागतात.

किनाऱ्यावरील भूजलाचे स्वरूप समजल्याशिवाय याचे महत्त्व पटणार नाही. पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थरासारखे राहते. जलशास्त्राच्या सर्वसाधारण गणितानुसार भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर उंच असल्यास तिच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकू शकते. ही पातळी उपशामुळे अर्ध्या मीटरने उतरली, तर कालांतराने खालचे खारे पाणी सुमारे २० मीटर वर सरकते. म्हणजे वर दिसणारी घट अल्प असते, पण खाली होणारी हानी तिच्या चाळीसपट असते. एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसाळ्यात सुधारत नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस या भागातील मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले झाले आणि १९९० मध्ये सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. इमारती आधी उभ्या राहिल्या, नळाचे पाणी नंतर आले. मधल्या काळात पश्चिमेकडील गावांच्या विहिरींतून उपसलेले पाणी टँकरने नव्या वसाहतींना विकले जाऊ लागले. याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई संरक्षण समिती’ने आंदोलन उभारले. हे आंदोलन नवागतांविरुद्ध स्थानिक असे रंगविण्याचा प्रयत्न अनेकदा झाला, तो अन्यायकारक आहे. टँकर विकत घेणारा सदनिकाधारक आणि विहीर आटलेला वाडीवाला हे दोघेही एकाच नियोजनशून्यतेचे बळी होते.

दूरवरून आणलेले पाणी

स्थानिक पेल्हार आणि उसगाव धरणांचे पाणी अपुरे असल्याने शहराची भिस्त सूर्या प्रकल्पावर राहिली. सूर्या ही वैतरणेची उपनदी असून तिच्यावरील धामणी धरण मूलतः डहाणू-पालघर परिसरातील, प्रामुख्याने आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी योजले होते. तेथील पाणी शहरांकडे वळविण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला, तो समजण्याजोगा आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेच्या योजनेतून १८५ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरारसाठी आणि उर्वरित मीरा-भाईंदरसाठी निश्चित झाले. वसई-विरारला हा पुरवठा २०२३ च्या अखेरीस सुरू झाला. टंचाई त्यामुळे सुसह्य झाली. पण जेवढे पाणी शहरात येते, त्याचा फार मोठा भाग सांडपाणी होऊन त्याच सखल भागातून खाडीकडे जातो, हा हिशेब पुरवठ्याच्या चर्चेत क्वचितच मांडला जातो.

नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारतींचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि क्षेपणभूमीसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर या इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी त्यांत आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या आरंभी त्या पाडून टाकण्याची कारवाई पूर्ण झाली. आराखड्यात आरक्षण होते. जमिनीवर त्याचे रक्षण करणारे कोणी नव्हते.

पुराची कारणे

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपारा येथे रुळांवर पाणी साचून रेल्वेसेवा ठप्प झाली, वीज खंडित झाली आणि मिठागरातील वस्तीत शेकडो लोक अडकले. त्यानंतर महानगरपालिकेने ‘नीरी’ आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून कारणांचा अभ्यास करून घेतला. पाऊस विक्रमी होता, हे खरेच. परंतु डोंगराकडून येणाऱ्या पाण्याच्या वाटेत महामार्ग आणि रेल्वेचा भराव आडवे आहेत, त्यांखालील मोऱ्या मर्यादित आहेत, नाले अरुंद झाले आहेत आणि खाजणांवर भराव पडला आहे. भरतीच्या वेळी खाडी पाणी स्वीकारत नाही. त्या काही तासांत पाणी थांबण्यासाठी जी मोकळी जागा लागते, तीच शिल्लक उरलेली नाही. या अभ्यासातून पुढे आलेल्या उपायांमध्ये पाणी थोपवून धरणाऱ्या तलावांचा समावेश होता. परंपरेने जे काम मिठागरे, भातखाचरे आणि बावखले करीत होती, तेच काम आता खर्चून करावे लागणार आहे.

प्रशासकीय प्रश्न

३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती यांची मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. गावांनी त्यास तीव्र विरोध केला; २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा निर्णय शासनाने घेतला आणि तो वाद न्यायालयात दीर्घकाळ रेंगाळला. करवाढीच्या भीतीइतकाच हिरवा पट्टा गमावण्याचा प्रश्न या विरोधामागे होता. बहुतेक बावखले खाजगी वाड्यांत आहेत. ती राखण्याने पूर आणि टंचाई दोन्हींतून शहराचा बचाव होतो, पण राखण्याचा भार एकट्या मालकावर पडतो आणि बुजवून बांधकाम केल्यास लाभही त्यालाच मिळतो. मालमत्ता करात सवलत, गाळ काढण्यासाठी अनुदान किंवा विकास योजनेत बावखलांची स्वतंत्र नोंद, यांपैकी कोणताही उपाय महानगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचा नाही. त्यासाठी प्रत्येक गावातील शिल्लक बावखलांची मोजणी आधी करावी लागेल, आणि ती विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिकेसारखे प्रकल्प या भागातील जमिनीची किंमत आणखी वाढविण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे.