लेंडीचा हिशोब

पहाटे सहा. फाल्गुन. जळकोटच्या माळाखाली शेतात मेंढरं बसवलेली आहेत. वाघूर, म्हणजे कळपाभोवतीचं जाळं, सोडायच्या आत ठरलेल्या मेंढ्यांना कॅप्सूल द्यायची: एक ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड, संध्याकाळी तेवढंच. मेंढपाळ मामा मान धरतात, मी कॅप्सूल जिभेच्या मुळाशी ठेवतो. गिळेपर्यंत जबडा सोडायचा नाही. नजर चुकवून मेंढीनं ती थुंकली, तर लेंडीत पूड कमी उतरते आणि हिशोबात लेंडी उगाच वाढते.

गोठ्यातल्या जनावराचा चारा तोलता येतो, माळावरच्या मेंढीचा कसा तोलणार? लेंडीवरून चाऱ्याचा हिशोब लागतो, पण ती गोळा करायला मागं पिशवी बांधली तर मेंढी अवघडते, बाभळीत अडकते. म्हणून कॅप्सूलमधली ही पूड. ती पचत नाही. जेवढी पोटात गेली तेवढी बाहेर पडते. पूर्वी सर्रास क्रोमिक ऑक्साइड द्यायचे, लेंडी हिरवट व्हायची. पण हीच लेंडी शेताचं खत. त्यात क्रोमियम कशाला?

साडेसहा. सहा-सात दिवस कॅप्सूल दिल्यावर पुडीचं प्रमाण स्थिरावतं, मगच नमुने. हातमोज्याला तेल लावून बोटानं थेट गुदाशयातून लेंड्या काढायच्या. जमिनीवरच्या चालत नाहीत. माती लागते, शिवाय कोणत्या मेंढीच्या ते कळत नाही. दहा-बारा काळपट, ऊबदार लेंड्या पिशवीत, वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर.

नऊ ते चार कळपामागं. वाळली कुसळी, तुरीचा पडलेला पाला, बाभळीच्या शेंगा. मेंढी तोडते तसंच हातानं तोडून घ्यायचं. चारा किती पचतो ते त्यावरून काढायचं.

पाच. पुन्हा कॅप्सूल, पुन्हा नमुना. दिवसभरात पुडीचं प्रमाण वरखाली होतं, एका वेळेवर विसंबता येत नाही.

रात्री आठ. मामा विचारतात, "डॉक्टर, एक मेंढरू दिवसाला किती खत देतंय?"

नमुने अजून वाळवून तपासायचे आहेत, म्हणून उदाहरणानं सांगतो. दिवसाला पूड दोन ग्रॅम गेली आणि वाळल्या लेंडीच्या एका ग्रॅममध्ये ती पाच मिलिग्रॅम निघाली, तर लेंडी ४०० ग्रॅम. चारा निम्मा पचत असेल, तर मेंढीनं ८०० ग्रॅम कोरडा चारा खाल्ला. मला हा दुसरा आकडा हवा, मामांना पहिला. शंभर मेंढरांची दिवसाला ४० किलो वाळली लेंडी. त्यातली काही माळावर पडते, बाकीची शेतात. माझ्या मते हा आकडा अहवालाआधी मामांच्या हाती पडला पाहिजे. मेंढरं बसवण्याचा भाव ठरवताना शेतकऱ्यासमोर त्यांनाच बसायचं असतं.