बनावट सनदेचा एक खटला : आरिझोनांतील पेराल्टा जहागीर

आपल्या मुलखांत इनामांच्या सनदांची चौकशी १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें झाली, हें वाचकांस ठाऊक आहेच. थोड्या वर्षांच्या अंतरानें अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरही तोच प्रश्न उपस्थित झाला. मेक्सिकोशीं १८४८ सालीं ग्वादालूपे हिदाल्गो येथें जो तह झाला, त्या अन्वयें पूर्वीच्या स्पॅनिश व मेक्सिकन अमलांतील जमिनींचे हक्क पाळण्याचें अमेरिकन सरकारनें पत्करिलें. ही गोष्ट न्यायाची होती खरी. पण जुना कागद पुढें करील त्यास दावा सांगण्याची वाटही तिनेंच मोकळी झाली.

जेम्स ॲडिसन रीव्हिस नांवाच्या इसमानें १८८३ सालीं टूसॉन येथें सर्वेयर-जनरलच्या कचेरींत कागदांचा मोठा रुमाल दाखल केला. स्पेनच्या राजानें अठराव्या शतकांत पेराल्टा नामक सरदारास जहागीर दिली व ती खरेदीनें आपणांकडे आली, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें तर आपली पत्नीच पेराल्टा घराण्याची शेवटची वारस आहे, असें तो सांगूं लागला. जहागिरीचा विस्तार सुमारें १८,६०० चौरस मैल, म्हणजे जवळजवळ १ कोटी २० लक्ष एकर! फीनिक्स शहर, चांदीच्या खाणी व आगगाडीचा रस्ता हीं सारीं त्या हद्दींत पडत. सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीनेंही त्यास ५०,००० डॉलर दिले. मग स्वतः नांगरलेल्या जमिनीसाठीं कित्येक शेतकऱ्यांनीं भीतीनें पैसे भरून त्याच्याकडून हक्कसोडपत्रें लिहून घेतलीं, यांत नवल तें काय?

सर्वेयर-जनरल रॉयल जॉन्सन यांनीं १८८९ सालीं दाव्याविरुद्ध अहवाल दिला. दीडशें वर्षांपूर्वीचे म्हणविणाऱ्या कागदांपैकीं कांहींवरचें लिखाण पिसाच्या लेखणीचें नसून पोलादी टाकाचें होतें. यावर रीव्हिसनें नमतें घेतलें नाहीं. उलट सरकारवरच सुमारें १ कोटी १० लक्ष डॉलरांची फिर्याद लाविली. १८९१ सालीं अशा दाव्यांसाठीं निराळें न्यायालय स्थापन झालें व हें प्रकरण त्यापुढें आलें.

रीव्हिसची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. बनावट कागद स्वतःच्या पेटींत ठेवला तर त्यास कोण मानतो? म्हणून त्यानें तो जुन्या दप्तरांतच घुसविला आणि मग तेथूनच रीतसर नक्कल घेतली. नक्कल देणाऱ्या कारकुनाचा शिक्का खराच असे! सरकारपक्षाचे वकील सेव्हेरो मॅलेट-प्रेव्होस्ट यांनीं मेक्सिको व स्पेन येथील दप्तरें जाऊन तपासलीं. ग्वादालाहारा येथील एका दस्तांत वरचीं व शेवटचीं पानें अस्सल, पण मधलीं मागाहून घातलेलीं आढळलीं. कॅलिफोर्नियांत सॅन बर्नार्डिनो येथील चर्चच्या नोंदवहींत पत्नीच्या जन्माची नोंदही अशीच चढविलेली होती. मात्र तेथील धर्मगुरूनें त्या वहीची अनुक्रमणिका निराळी ठेविली होती, व तिच्यांत हें नांव नव्हतें. अनुक्रमणिका लिहिणें हें दप्तरांतील अत्यंत कंटाळवाणें काम आहे. आम्हीं स्वतः तें अनेक वर्षें केलें असल्यानें हा मजकूर वाचतांना आम्हांस विशेष समाधान वाटलें. आमचे जे वाचक जुन्या दस्ताची नकल घेऊन स्वस्थ बसतात, त्यांनीं मूळ वहीचा पानक्रम, पुढचीमागची नोंद व अनुक्रमणिका हीं एकदां समक्ष पाहावीं. पैसे देण्यापूर्वीं पाहावीं, हें सांगावयास नकोच.

१८९५ सालीं सांता फे येथें न्यायालयानें सर्व दावा बनावट ठरवून फेटाळिला. पुढील वर्षीं रीव्हिसवर फौजदारी शाबीत होऊन त्यास दोन वर्षें कैद व ५,००० डॉलर दंड झाला.