जिंकला तर आपला पोट्टा, हरला तर कोणाचा?

२७ मे २०२५ च्या रात्री लखनौच्या मैदानावर अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या आणि बंगळुरूच्या संघाने २२८ धावांचे अवघड लक्ष्य गाठले. त्या रात्री अमरावतीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, 'आपला पोट्टा!' आनंद व्हावा असेच ते घडले होते. ज्या वऱ्हाडाचे नाव वर्तमानपत्रात शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि पाणीटंचाई यापलीकडे सहसा येत नाही, त्या वऱ्हाडातला एक मुलगा साऱ्या देशाने पाहिला. त्याचे कौतुक आम्हालाही आहे.

पण पुढची गंमत पाहा. आठवडाभरात, ३ जून रोजी, अहमदाबादला बंगळुरूने पंजाबला सहा धावांनी हरवले आणि आयपीएल पहिल्यांदा जिंकली. २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षे जितेश याच पंजाबकडून खेळत होता. तेव्हा आपल्याकडच्या तरुणांना पंजाब 'आपला' वाटत होता. लिलावात बंगळुरूने अकरा कोटींची बोली लावली, खेळाडू तिकडे गेला आणि 'आपण' एका रात्रीत बंगळुरूचे झालो! खेळाडूने चांगला मोबदला देणाऱ्याकडे जावे यात गैर काहीच नाही. तो त्याचा व्यवसाय आहे. पण ज्याला या व्यवहारात एक पैसाही मिळत नाही तो चाहता दुसऱ्या संघाच्या चाहत्याशी मोबाईलवर आयमायवरून भांडतो, चौकात हातघाईवर येतो, मित्राशी अबोला धरतो. हे कशासाठी? हा 'आपण' नेमका कोण, हा प्रश्न चळवळीच्या वाचकांनी विचारलाच पाहिजे.

सारे जग आपल्याविरुद्ध

जगातल्या सगळ्या कट्टर चाहत्यांची घोषणा थोड्याफार फरकाने एकच असते. पंच आपल्याविरुद्ध, मंडळ आपल्याविरुद्ध, वर्तमानपत्रे आपल्याविरुद्ध, सारे जग एकीकडे आणि आपण एकीकडे. बंगळुरूच्या चाहत्यांनी सतरा हंगाम पराभव आणि टिंगल सोसली, तीच त्यांची ओळख झाली. ही घोषणा माणसाला गोड का लागते? कारण ती एकटेपणा घालवते. दिवसभर मालकाची बोलणी खाणारा, नोकरीच्या परीक्षांचे अर्ज भरून थकलेला तरुण संध्याकाळी एका रंगाचा शर्ट अंगात घालतो आणि त्याला वाटते, आपण लाखोंपैकी एक आहोत. ही भूक खरी आहे. तिला हसणारे आम्ही नाही.

आणि वऱ्हाडाला तर ही घोषणा आणखीच पटते, कारण इथला अन्याय कल्पनेतला नाही. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेली आश्वासने आणि त्यानंतरचा अनुशेष यांचा हिशेब इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे. विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो. पहिला करंडक हाती यायला १ जानेवारी २०१८ उजाडावे लागले. इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भ विजेता झाला. अकोल्याच्या आदित्य ठाकरे या तरुण वेगवान गोलंदाजाने त्याच अंतिम सामन्यात रणजी पदार्पण केले. पुढच्या वर्षी विदर्भाने करंडक राखला. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने आपल्याला हरवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवून आपण त्याची परतफेड केली आणि तिसऱ्यांदा विजेते झालो.

'मुंबईची जिरवली' असे तेव्हा सगळीकडे ऐकू येत होते. पण पहिल्या दोन विजयांच्या वेळचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. इंदूरला विजयी फटका मारणारा वसीम जाफर मुंबईचा. २०२५ च्या अंतिम सामन्यात शतक करणारा करुण नायर कर्नाटकातून आलेला. कर्णधार फैज फजल नागपूरचा, आणि त्याचा धर्म विजयाच्या दिवशी कोणी विचारला नाही. सारे जग विरुद्ध असते तर ही माणसे आपल्याकडून का खेळली असती? विदर्भ जिंकला तो वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या धर्मांची माणसे एका कामाला जुंपल्यामुळे. घोषणा देणाऱ्यांना नेमके हेच दिसत नाही.

'आपण'च्या आत कोण?

प्रदेशाच्या अभिमानाविषयी बाबासाहेबांनी १९५५ सालीच सावध केले होते. भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग सुचवले. त्यातल्या पूर्व महाराष्ट्रात अकोला आणि अमरावती हे जिल्हे होते. म्हणजे वेगळ्या विदर्भाची मागणी त्यांना परकी नव्हती. पण त्याच पुस्तकात त्यांनी विचारले की, एका भाषेच्या, एका प्रदेशाच्या नावाने जो 'आपण' उभा राहील, त्यात एखाद्या संख्येने मोठ्या जातीचे राज्य झाले तर लहान जातींनी जायचे कुठे? बाहेरच्याशी भांडताना आतल्याचा गळा दाबला जात नाही ना, हे पाहणारी ही नजर होती. तीच नजर मैदानाकडे वळवली की पहिले नाव आठवते पळवणकर बाळू यांचे.

चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करत, त्यांना सरावासाठी चेंडू टाकत डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. त्या काळी मुंबईतील सामने धर्माच्या नावाने होत. युरोपियन, पारशी, हिंदू, पुढे मुसलमान, असे संघ आणि त्यांचे तसेच चाहते. 'आपण विरुद्ध जग' याचे एवढे उघडे रूप दुसरे नसेल. गोऱ्यांना हरवायचे म्हणून हिंदूंच्या संघाला बाळू हवे होते. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्यांच्याच संघातले सवर्ण सहकारी चहाला आत बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता! कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत दिले गेले नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाले, तेही या कुटुंबाने अपमानाविरुद्ध उघड निषेध केल्यानंतर.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हे वाचकांना ठाऊक आहे. तो राजकारणातला मतभेद होता. त्यामुळे मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय कमी होत नाही.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मग २०२१ पाहू. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. तेव्हा ती 'देशाची लेक' होती. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर फटाके फुटले, जातीवाचक शिव्या दिल्या गेल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे म्हटले गेल्याची तक्रार कुटुंबाने केली आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला धर्मावरून शिव्या दिल्या गेल्या. सामना अकरा जण हरले, शिव्या एकाला!

म्हणून आमचे म्हणणे असे की, कोणत्याही 'आपण'ची परीक्षा पराभवाच्या दिवशी करावी. जिंकल्यावर सगळेच खांद्यावर घेतात. हरल्यावर ज्याची जात शोधली जाते, तो त्या 'आपण'मध्ये कधी नव्हताच; त्याला फक्त कामापुरते आत घेतले होते.

खऱ्या दुःखाची घोषणाही नासते

दुःख खरे असले म्हणजे घोषणा आपोआप न्यायाची होते, असेही नाही. लंडनच्या गोदी भागात १८८५ साली एका कारखान्यातल्या कामगारांनी मिलवॉल हा फुटबॉल क्लब काढला. आम्ही कोणाला आवडत नाही आणि आम्हाला त्याची पर्वा नाही, अशा अर्थाचे त्यांच्या चाहत्यांचे गाणे जगभर माहीत आहे. कष्टकऱ्यांना तुच्छ मानणाऱ्या समाजात हा अभिमान समजण्यासारखा आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये वर्णद्वेषाचा निषेध म्हणून खेळाडू मैदानावर एक गुडघा टेकून बसले, तेव्हा याच क्लबच्या काही चाहत्यांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली. जग आपल्याला तुच्छ मानते म्हणणारे, आपल्याहून अधिक तुच्छ मानल्या गेलेल्यांवर ओरडले. ज्याला फक्त 'आपले' दुःख दिसते, त्याचा प्रवास इथेच संपतो.

आणि या वेडाची किंमत कोण मोजतो? ४ जून २०२५ रोजी, विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण मेले. बहुतेक तरुण होते. बाहेर माणसे चिरडली जात असताना आत सत्कार चालू होता. संघ तेव्हा एका बड्या मद्य कंपनीच्या मालकीचा होता. 'आपण' म्हणणारे रस्त्यावर होते, आणि ज्यांचा संघ होता ते कुंपणाच्या आत!

आत येण्याची लढाई

चळवळीचाही एक 'आपण' आहे, पण तो वेगळ्या वाटेने घडला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी याच अमरावतीत, इंद्रभुवन थिएटरमध्ये, अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवले. तिथे जमलेल्यांना सारे जग आपल्याविरुद्ध आहे असे म्हणायचा पूर्ण अधिकार होता. तरी त्यांनी मागितले ते एवढेच की दार सगळ्यांना उघडा. आमचे दार वेगळे आणि तुम्हाला तिथे बंदी, असे ते म्हणाले नाहीत. पुढे संविधानात स्वातंत्र्य आणि समतेच्या शेजारी बंधुता आली, ती याच विचारातून.

अकोल्यात क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मेळावा भरतो. खेड्यापाड्यांतून माणसे येतात, पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया लेकरांना घेऊन बसतात. तिथे जमणारा समूह कोणाला हरवायला येत नाही. एकमेकांना 'जय भीम' म्हणताना समोरचा कोणाविरुद्ध आहे हे विचारावे लागत नाही.

पण आता सांगावी अशी गोष्ट आहे. स्टेडियममधली चाहतेगिरी आपल्या वस्तीतही शिरली आहे. आमचा नेता, तुमचा नेता. आमचा गट, तुमचा गट. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. प्रत्येक गटाचे चाहते आहेत, आणि त्यांची सर्वात जोरदार घोषणा शेजारच्या निळ्या झेंड्याविरुद्ध असते. जयंतीला कोणाचा डीजे मोठा यावर ईर्ष्या लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता, की व्यक्तिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. नेत्याचा चाहता होणे म्हणजे कार्यकर्ता होणे नव्हे. चाहता टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. कार्यकर्ता नेत्याला प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतो.

मग काय, खेळ पाहूच नये? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अमरावती हे नुसते बघ्यांचे गाव कधीच नव्हते. १९१४ साली इथे सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुले १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आली. स्वतः घाम गाळून मिळवलेला अभिमान तो असा. तेव्हा जितेशसाठी, आदित्यसाठी जरूर टाळ्या वाजवा. पण त्याबरोबर विचारा, आपल्या वस्तीजवळ खेळायला मैदान उरले आहे का? असेल तर त्यावर आपल्या मुलींना संध्याकाळी खेळता येते का? नागपूरला निवड चाचणीसाठी जायचे तर गरिबाच्या पोराचे प्रवासभाडे कोण देतो? बूट कोण घेऊन देतो? एका हंगामात संघांच्या शर्टांवर, झेंड्यांवर आणि फटाक्यांवर वस्तीतून जेवढा पैसा जातो, त्यातून दोन मुलामुलींची वर्षभराची सोय होईल.

आणि पुढच्या वेळी कोणाच्या हातून झेल सुटला, कोणाचे षटक महागात पडले, तर मोबाईल हातात घेण्याआधी वंदना कटारियाच्या घरासमोरचे ते फटाके आठवा. त्या दिवशी जो 'तरीही हा आपलाच पोट्टा, ही आपलीच पोट्टी' असे म्हणेल, त्याच्या तोंडी 'आपण' हा शब्द शोभेल.