रोजकीर्द, खतावणी आणि यंत्रांच्या नोंदी

सुरतेनजीक सचिन येथील औद्योगिक वसाहतीत कापड विणण्याचे व रंगविण्याचे कारखाने आहेत. पॉलिएस्टर कापडाचे रंगकाम बहुधा सुमारे 130 अंश सेल्सिअस उष्णतेवर, बंद यंत्रात होते. उष्णता नीट राखली गेली नाही, तर छटा बिघडते. अशा तक्रारीने माल परत आला, की त्या दिवशी त्या यंत्रात काय घडले, हा प्रश्न उभा राहतो. उत्तर वेळेवर हाती न आल्यास नुकसान कोणी सोसावे, याचा निवाडा अंदाजानेच होतो.

उत्तर नोंदींत असते. परंतु नोंदींचा व्याप फार मोठा. दर मिनिटास एक नोंद धरल्यास वर्षभरात एका यंत्राच्या 5,25,600 आणि शंभर यंत्रांच्या 5,25,60,000 ओळी होतात. त्यांतून नेमक्या ओळी क्षणात काढावयाच्या, तर मांडणी योग्य हवी. ती मांडणी आपल्या पेढ्यांना अपरिचित नाही.

रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहितात. लिहिणे सोपे, शोधणे कठीण. म्हणून खतावणीत प्रत्येकाचे खाते वेगळे आणि खात्यात नोंदी तिथीवार. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या तत्त्वावर उभ्या असलेल्या रिलेशनल डेटाबेसात टेबल ही रोजकीर्द व इंडेक्स ही खतावणी समजावी. इंडेक्सात प्रथम यंत्राचा क्रमांक, मग वेळ, असा क्रम ठेवावा. वेळ आधी घातल्यास सर्व यंत्रांच्या नोंदी एकमेकींत मिसळतात, आणि एका यंत्राच्या तीस दिवसांच्या 43,200 नोंदींसाठी 43,20,000 नोंदी चाळाव्या लागतात.

दिवाळीस पूजन करून आपण नवी वही उघडतो व जुनी बासनात बांधतो. त्याचप्रमाणे टेबलाचे महिनावार भाग पाडावेत. मार्चची चौकशी असता केवळ मार्चचाच भाग उघडला जातो.

तिसरे साधन तेरजेचे. प्रत्येक यंत्राच्या उष्णतेची रोजची बेरीज, नोंदींची संख्या, किमान व कमाल आकडा वेगळ्या टेबलात ठेवल्यास वर्षाच्या 36,500 ओळींत काम भागते. नुसती सरासरी ठेवू नये. नोंदींची संख्या कमीजास्त असता सरासरींची सरासरी चुकीची निघते. उशिरा नोंद आली, तर त्या दिवसाची तेरीज पुन्हा करावी.

मात्र दोन गोष्टी ध्यानी असाव्यात. प्रत्येक नव्या इंडेक्सामुळे लिहिण्याचे काम वाढते, म्हणून गरजेपुरतेच इंडेक्स करावेत. आणि तेरीज म्हणजे कीर्द नव्हे. दिवसाची सरासरी ठीक दिसते. कापड मात्र दहा मिनिटांच्या चुकीने बिघडलेले असते. यास्तव मालाच्या तक्रारीची मुदत संपेपर्यंत मिनिटवार नोंदी राखून ठेवाव्यात. ज्याची कीर्द शाबूत, त्यालाच आपला खरेपणा दाखविता येतो आणि आपली चूकही प्रामाणिकपणे कबूल करता येते.