पासबुकातील साक्ष : कमी मिळालेले वेतन कसे मागावे?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक छपाईच्या खिडकीपाशी नेहमीच गर्दी असते. मदन महल येथील शाखेत अशाच एका सकाळी बालाघाटकडचे एक वयस्क ग्राहक आले. ते ठेकेदारामार्फत एका गोदामात हमाली करतात. ‘‘साहेब, एवढेच जमा झाले का?’’ त्यांनी विचारले. नोंद ९,५०० रुपयांची होती. ‘‘काका, पीएफ वगैरे कापला जातो का?’’ ‘‘नाही. ठेकेदार म्हणतो, हाच दर आहे.’’

दर मात्र हा नव्हता. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२४ पासून अकुशल कामगारासाठी दरमहा ११,८०० रुपये किमान वेतन ठरविले. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने या वाढीस मे २०२४ मध्ये स्थगिती दिली होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. पुढील महागाई भत्ता सोडून दिला, तरी काकांना दरमहा २,३०० रुपये, म्हणजेच वर्षाला २७,६०० रुपये कमी मिळत होते.

‘‘मी कमी पगारावर राजी झालो होतो, आता काय बोलणार?’’ हा त्यांचा पुढचा प्रश्न. अशी संमती कायदा मानीत नाही. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधी १९८२ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम व १९४८ चा किमान वेतन अधिनियम तिच्यात विलीन झाले आहेत. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट असावा. वेतनचिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. कायद्याने मान्य केलेल्या कपातीही एकूण वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाहीत. ठेकेदाराने पैसे बुडविल्यास ज्या आस्थापनेचे काम झाले, तिच्यावर ती जबाबदारी येते.

मागणीचा मार्ग पुढीलप्रमाणे आहे. प्रथम हजेरीचे दिवस, कामाचे तास, देय वेतन आणि मिळालेली रक्कम यांचा महिनावार तक्ता करावा. किमान वेतनातील महागाई भत्ता एप्रिल व ऑक्टोबरमध्ये बदलतो, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर मालकाकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी अथवा पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. तरीही रक्कम न मिळाल्यास श्रम विभागाकडे जावे. दुकाने, गोदामे व खाजगी कारखान्यांसाठी सामान्यतः राज्याचे श्रम कार्यालय असते. रेल्वेच्या ठेकेदाराकडील कामगारांनी मात्र केंद्रीय श्रम आयुक्तांच्या जबलपूर येथील कार्यालयाकडे दाद मागावी.

दाव्याचा अर्ज कामगारास स्वतः किंवा संघटनेमार्फत करता येतो आणि अनेक कामगारांचा मिळून एकच अर्जही चालतो. एकट्याने पुढे येण्याची भीती त्यामुळे कमी होते. नव्या संहितेत मुदत तीन वर्षांची आहे. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्यास सहाच महिने मिळत. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या थकबाकीसाठी म्हणूनच जराही विलंब करू नये. अधिकारी थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. वेतन दिले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

या साऱ्या प्रक्रियेत बँकेच्या खात्याचे मोल मोठे आहे. पासबुकातील प्रत्येक नोंद तारीख आणि रकमेची साक्ष देते. मात्र काही ठिकाणी पूर्ण वेतन खात्यात जमा करून दुसऱ्याच दिवशी त्यातील ठरावीक रक्कम रोखीने परत मागितली जाते. अशा वेळी तेच पासबुक कामगाराविरुद्ध बोलू लागते. म्हणून एटीएम कार्ड, पिन अथवा कोऱ्या सहीचा धनादेश मालकाच्या वा मुकादमाच्या हाती कधीही देऊ नये. रक्कम परत मागणारे संदेश जपून ठेवावेत. परत दिलेल्या रकमेची तारीख व त्या वेळी हजर असलेले सहकारी यांची नोंद वहीत करावी. आम्हा बँक कर्मचाऱ्यांनीही एकच माणूस अनेक कामगारांची कार्डे घेऊन पैसे काढताना दिसल्यास ती बाब शाखाधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावी.

‘‘नोकरी गेली तर?’’ काकांनी जाता जाता विचारले. ही भीती खोटी नाही. कामावरून काढल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते, एवढे मी सांगू शकलो. त्यांनी चार सहकाऱ्यांसह मागणीपत्र दिले. पुढील महिन्यापासून पूर्ण वेतन जमा होऊ लागले आहे. मागील बाकीचा अर्ज अजून चालू आहे. काका आता दर महिन्याला पासबुक भरून घेतात आणि खिडकीपाशीच उभे राहून आकडा दोनदा वाचतात.